आधी औषध, मग शस्त्र : गालाआडच्या एका पोकळीचा इतिहास

१

वैद्यकाचा इतिहास लिहिणारे बहुधा शोधांचा इतिहास लिहितात. भूल केव्हा सापडली, क्ष-किरण केव्हा सापडले, अमुक औषध कोणी सिद्ध केले, अशा ओळीने तो सांगितला जातो आणि वाचकालाही रुचतो, कारण त्यात नायक असतात. परंतु रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून पाहिले, तर शोधांपेक्षा क्रमाचा प्रश्न अधिक बिकट असल्याचे ध्यानात येते. उपाय तिन्ही हाताशी आहेत. त्यांतला पहिला कोणता? दुसऱ्याची वेळ केव्हा? आणि पहिल्याने गुण आला तर तिसरा टाळता येईल काय? या प्रश्नांना नायक नसतात. त्यांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या, चुकतमाकत, अनेकांच्या हातून घडत जातात.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका क्रमाचा इतिहास मांडणार आहोत. गालाच्या हाडामागे जी पोकळी असते आणि जिला वैद्यक ‘मॅक्सिलरी सायनस’ म्हणते, तिच्यात वाढून शेजारपाजारी पसरलेला कर्करोग हा आमचा विषय. त्यावरचे निर्णायक उपचार दोन : शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. या दोहोंच्या आधी केमोथेरपी द्यावी काय, हा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ वैद्यांपुढे आहे. विषय रूक्ष वाटेल. परंतु त्यात माणसाचा डोळा, टाळू, आवाज आणि चेहरा पणाला लागलेला आहे. आणि नागपूरला बसून त्याकडे पाहिले की, त्यात अंतर, ऋतू आणि पैसा यांचाही हिशेब मिसळतो. म्हणून वाङ्मयाच्या वाचकालाही तो परका वाटू नये.

२

प्रथम त्या पोकळीविषयी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे ३१ रोग सांगितले आहेत आणि त्यांत सात प्रकारची अर्बुदे मोजली आहेत. नाकातल्या गाठी आपल्या पूर्वजांनी पाहिल्या होत्या, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. पण नाकाच्या बाजूला, गालाआड, एक बंद खोली असते हे बाहेरून दिसत नाही. लिओनार्दो दा विंचीने १४८९ च्या सुमारास कवटीची जी रेखाटने केली, त्यांत ती प्रथम स्पष्ट दिसते. आणि १६५१ साली नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने तिचे सविस्तर वर्णन छापले. त्याच्या ग्रंथात एका स्त्रीची हकिकत आहे. तिचा वरचा दात काढला आणि त्या खळगीतून पोकळीचे दार उघडले. त्या छिद्रात तिने आधी सुई व नंतर पिसाची काडी घालून पाहिली, तर ती आत जातच राहिली. काडी मेंदूपर्यंत पोचली असे समजून ती बाई भयभीत झाली. हायमोरने तिची समजूत घातली. त्या बाईचे भय अज्ञानातले होते खरे. परंतु या पोकळीचे शेजार पाहिले की, ते अगदीच निराधार होते असे म्हणवत नाही.

ही खोली लहानशी. प्रौढ माणसात तिच्यात सुमारे १५ मिलिलिटर, म्हणजे औषधाचे तीन चमचे मावतील एवढी जागा. तिचे छत म्हणजे डोळ्याच्या खोबणीची जमीन. तिची जमीन म्हणजे वरच्या दाढांच्या मुळांचे छत. आतली भिंत नाकाला लागून, मागची भिंत जबडा हलवणाऱ्या स्नायूंना आणि चेहऱ्याच्या नसांना लागून. आणखी वर गेले की, नाकाच्या मुळाशी असलेल्या लहान पोकळ्या आणि त्यांच्यावर पातळ हाडापलीकडे मेंदू. अशा खोलीत गाठ वाढू लागली तर आरंभी ती कोणालाच त्रास देत नाही, कारण आत हवा आहे आणि वाढायला जागा आहे. जागा संपली की मग ती एकेक भिंत पोखरते आणि ज्या भिंतीतून बाहेर पडेल त्या भिंतीचे दुखणे होऊन प्रकट होते. खाली गेली तर दाढ हलते, वर गेली तर डोळा पुढे येतो किंवा एकाचे दोन दिसतात, आत गेली तर एकच नाकपुडी चोंदते आणि शेंबडात रक्ताचा अंश दिसतो, पुढे गेली तर गाल बधिर होतो.

या प्रत्येक लक्षणाचे एक साधे, रोजचे स्पष्टीकरण उपलब्ध असते, आणि घात तिथेच होतो. दाढ हलते म्हणून ती काढली जाते. जखम भरत नाही म्हणून प्रतिजैविके दिली जातात. नाक चोंदते म्हणून ‘सायनसचा त्रास’ हे नाव मिळते. महिने जातात. डोके आणि मान यांच्या कर्करोगांत या पोकळ्यांच्या कर्करोगाचा वाटा शंभरात तीनच्या आसपास असल्यामुळे पहिल्या भेटीत त्याची शंका न येणे हे फारसे आश्चर्याचेही नाही. परिणाम एवढाच की, बहुतेक रुग्ण मोठ्या वैद्याच्या दारात पोचतात तेव्हा रोग ‘पुढे गेलेला’ असतो. आरंभीच्या रोगासाठी क्रमाचा वाद फारसा नाही. काढून टाकावा हे सरळ उत्तर आहे. वाद आहे तो या पुढे गेलेल्यांसाठी.

३

शस्त्राचा काळ प्रथम आला. १८२७ साली फ्रान्समधील ल्यों शहरी जोसेफ जांसूल या शल्यविशारदाने वरच्या जबड्याचे हाड संपूर्ण काढले. तेव्हा भूल नव्हती. ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक बॉस्टनला १८४६ साली झाले. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे ही शस्त्रक्रिया जाग्या माणसावर होत होती. तिचा वेग हेच तिचे कौशल्य.

भूल आल्यावर प्रश्न बदलला. माणूस शस्त्रक्रियेतून वाचतो. पण वाचल्यावर तो बोलतो कसा, गिळतो कसा, लोकांत वावरतो कसा? याची दोन प्रसिद्ध उदाहरणे आहेत. दोन्हींतला रोग सायनसमध्ये उगम पावलेला नव्हता, टाळूवर व तोंडात होता. परंतु हाड तेच. १ जुलै १८९३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या वरच्या जबड्याचा डावीकडचा भाग ‘ओनायडा’ नावाच्या खाजगी नौकेवर गुप्तपणे काढण्यात आला. देशात आर्थिक संकट होते आणि अध्यक्षाला कर्करोग झाल्याची वार्ता बाजाराला सोसवली नसती. रबराचे कृत्रिम टाळू बसवून त्यांची वाणी पूर्ववत करण्यात आली. एका वार्ताहराने बातमी फोडली तेव्हा तिचा साफ इन्कार झाला, आणि शस्त्रक्रियेत सहभागी असलेल्या डॉ. कीन यांनी १९१७ साली सगळे लिहिले तेव्हाच ती खरी ठरली. दुसरे उदाहरण सिग्मंड फ्रॉइड यांचे. १९२३ साली व्हिएन्नात हान्स पिख्लर यांनी त्यांचा वरचा जबडा अंशतः काढला. त्यानंतर १९३९ मध्ये लंडनला मृत्यू येईपर्यंत त्यांच्यावर तीसहून अधिक लहानमोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. तोंडात बसवलेल्या कृत्रिम टाळूला त्यांच्या घरात ‘राक्षस’ म्हणत. मनुष्याच्या बोलण्यातून मनाचा शोध घेणारा हा पुरुष, अखेरची सोळा वर्षे बोलणे हेच कष्टाचे काम होऊन जगला.

नागपूरकरांना या हाडाची किंमत वेगळ्या मार्गाने कळली. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या पाठोपाठ ‘काळी बुरशी’ आली आणि नागपूर हे महाराष्ट्रात तिचा मोठा फटका बसलेल्या शहरांपैकी एक ठरले. ती बुरशी याच पोकळ्यांतून डोळ्याकडे आणि मेंदूकडे जाते. तिच्यावरचे ॲम्फोटेरिसिन इंजेक्शन दुर्मीळ झाले आणि वर्ध्याच्या एका कारखान्यात ते तयार होऊ लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. जबडा काढावा लागला, डोळा काढावा लागला, अशी वाक्ये त्या काही महिन्यांत घराघरांत ऐकू आली. कर्करोगाच्या रुग्णाला हीच वाक्ये एरवी एकट्याने ऐकावी लागतात.

४

किरण दुसरे आले. रेडियमचा शोध १८९८ चा. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या भागात स्टॉकहोम हे किरणोपचाराचे मोठे केंद्र झाले. तिथल्या ओन्ग्रेन यांनी १९३३ साली एक रेषा सुचवली, जी आजही विद्यार्थ्यांना शिकवतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून खालच्या जबड्याच्या कोनापर्यंत एक कल्पित रेषा काढावी. गाठ तिच्या पुढे-खाली असेल तर आशा अधिक; मागे-वर असेल तर कमी. कारण उघड आहे : पुढे-खाली दात आणि टाळू आहेत, जे काढता येतात; मागे-वर डोळा आणि मेंदू आहेत. ओन्ग्रेनची रेषा ही वस्तुतः शस्त्राच्या सामर्थ्याची सीमा आहे. तिच्या पलीकडे काय करावे, या प्रश्नातूनच पुढे औषधाला पहिला मान मिळाला.

भारतात याच सुमारास एका दुःखातून संस्था उभी राहत होती. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या आणि पुढल्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या न्यासाने उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला उघडले. पुढची अनेक दशके विदर्भातल्या माणसाच्या दृष्टीने कर्करोगावर उपचार याचा अर्थ ‘मुंबईला जाणे’ असाच होता. नागपूर ते मुंबई हा रेल्वेचा प्रवास आठशेहून अधिक किलोमीटरचा. त्या प्रवासाच्या दोन टोकांना विदर्भाच्या दोन संतांची नावे आहेत, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, जिथे परळच्या रुग्णालयात आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. आणि नागपुरात मानेवाडा रस्त्यावर तुकडोजी महाराजांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामगीतेचे कर्ते तुकडोजी महाराज स्वतः कर्करोगानेच ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले.

५

औषध सर्वांत शेवटी आले, आणि ते युद्धातून आले. पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळातले नायट्रोजन मस्टर्ड येल विद्यापीठात १९४२ साली लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला देण्यात आले. गाठी विरघळल्या आणि काही काळाने परतल्या. ही गोष्ट युद्धकालीन गुप्ततेमुळे १९४६ पर्यंत छापली गेली नाही. १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी बालकांच्या रक्तकर्करोगात ॲमिनॉप्टेरिनचा गुण दाखवला. ते औषध लेडर्ली प्रयोगशाळेत सिद्ध करणाऱ्या चमूचे प्रमुख होते भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आज प्रत्येक कर्करोग रुग्णालयाच्या औषधपेटीत आहे. १९५७ साली विस्कॉन्सिनच्या चार्ल्स हायडलबर्गर यांनी फ्लुओरोयुरॅसिल आणले.

हे औषध आमच्या पोकळीपर्यंत पोचले ते जपानमार्गे. वरच्या जबड्याच्या सायनसचा कर्करोग त्या काळी जपानात तुलनेने अधिक आढळे आणि संपूर्ण जबडा काढण्याची शस्त्रक्रिया रुग्णांना नको असे. १९७० साली सातो आणि सहकाऱ्यांनी तिन्ही उपायांची सांगड प्रसिद्ध केली : धमनीतून थेट त्या भागात फ्लुओरोयुरॅसिल सोडायचे, किरण द्यायचे, आणि जबडा सबंध न काढता आतली गाठ खरवडून काढायची. मागाहून नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या क्नेख्ट यांनी पोकळी उघडून, गाठ कमी करून, तेच औषध आत लावण्याची पद्धत चालवली. या साऱ्यांत पुढे सर्वत्र रुजलेल्या विचाराचे बीज आहे. औषधाचे काम केवळ आयुष्य वाढवणे नव्हे. शस्त्राला कमी कापावे लागेल अशी स्थिती निर्माण करणे हेही त्याचे काम आहे.

नंतर सिस्प्लॅटिन आले. १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग हे जंतूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जंतूंची वाढ थांबली ती विजेमुळे नसून प्लॅटिनमच्या विद्युदग्रांतून सुटलेल्या संयुगामुळे, असे त्यांना आढळले. १९७८ साली अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी डेट्रॉइटच्या वैद्यांनी सिस्प्लॅटिन आणि पाच दिवस अखंड फ्लुओरोयुरॅसिल अशी जोडी, उपचार न झालेल्या डोके-मानेच्या कर्करोगात सर्वांत आधी देऊन पाहिली. गाठी असा काही प्रतिसाद देत की, पाहणारे थक्क होत. १९९१ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी स्वरयंत्राच्या कर्करोगाची चाचणी प्रसिद्ध केली. ३३२ रुग्णांपैकी निम्म्यांचे स्वरयंत्र थेट काढले, निम्म्यांना आधी औषध आणि गुण आल्यास किरण दिले. दोन वर्षांनी जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, ६८ टक्के. परंतु दुसऱ्या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले होते. आयुष्य तेवढेच, पण आवाज शाबूत. ‘आधी औषध’ या क्रमाला नैतिक अधिष्ठान मिळाले ते इथे.

६

इथपर्यंतची कथा चढत्या भाजणीची आहे. पण इतिहासकाराने उताराचीही नोंद केली पाहिजे. २००० साली डोके-मानेच्या कर्करोगातल्या ६३ चाचण्यांचा, १०,७४१ रुग्णांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. किरणांसोबत दिलेल्या औषधाने पाच वर्षांत सुमारे आठ टक्क्यांचा फायदा दिसला. किरणांआधी दिलेल्या औषधाने मात्र निःसंशय म्हणावा असा फायदा दिसला नाही. गाठ डोळ्यांदेखत लहान होते आणि तरीही आयुष्य लांबत नाही, हे वैद्यालाही पचायला जड गेले. २००७ साली डोसिटॅक्सेल हे तिसरे औषध जोडल्यावर जुन्या जोडीपेक्षा परिणाम सुधारले. पण आधी औषध द्यावेच काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर त्याने मिटले नाही. मिलानच्या एका चाचणीत (२००३) तोंडाच्या कर्करोगाचे १९५ रुग्ण होते. आधी औषध दिल्याने आयुष्यात फरक पडला नाही. परंतु खालचा जबडा कापावा लागण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३१ वर आले.

सायनसच्या कर्करोगाची अडचण अशी की, तो विरळ. मोठी चाचणी करायला रुग्णच पुरेसे जमत नाहीत. म्हणून ज्ञान येते ते एकेका रुग्णालयाच्या वह्यांतून. मिलानच्याच वैद्यांनी २००३ साली ४९ रुग्णांचा अनुभव दिला. ज्यांच्या काढलेल्या भागात सूक्ष्मदर्शकाखाली रोगाचा मागमूस उरला नव्हता, त्यांचे पुढचे आयुष्य चांगले गेले. ह्यूस्टनच्या वैद्यांनी २०११ साली ४६ रुग्णांचा हिशेब छापला. दोनतृतीयांशांत गाठ अंशतः तरी कमी झाली. त्याच संस्थेने २०१९ साली या पोकळ्यांतल्या एका उग्र प्रकाराच्या ९५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि तिच्यातून एक नवा विचार पुढे आला. पहिल्या औषधाला प्रतिसाद दिलेल्या रुग्णांना पुढे किरण व औषध दिले तर पाच वर्षांनंतर त्या रोगापासून वाचलेल्यांचे प्रमाण ८१ टक्के दिसले; तसेच प्रतिसाद दिलेल्या, पण शस्त्रक्रियेकडे गेलेल्या रुग्णांत ते ५४ टक्के. ज्यांच्यात औषधाने गुण आला नव्हता त्यांना मात्र शस्त्रक्रियेचाच आधार होता. म्हणजे पहिले औषध हा उपचार तर आहेच, पण ती परीक्षाही आहे. ते रोगाची जात विचारते आणि पुढची वाट दाखवते.

मुंबईच्या टाटा रुग्णालयातून आलेले काम आमच्या प्रदेशाला अधिक जवळचे. पाश्चात्त्य चाचण्यांतले रुग्ण बहुधा शस्त्रक्रिया शक्य असलेले. आपल्याकडचे मोठ्या संख्येने तिच्या पलीकडे गेलेले. २००८ ते २०१२ या काळात तिथे ‘तांत्रिकदृष्ट्या काढता न येणाऱ्या’ तोंडाच्या कर्करोगाच्या ७२१ रुग्णांना आधी औषध दिले गेले. त्यांतल्या ३१० जणांची, म्हणजे सुमारे ४३ टक्क्यांची, गाठ शस्त्रक्रिया करता येईल इतकी आटली. सायनसच्या रुग्णांवरचे असे अनुभवही त्या रुग्णालयाने प्रसिद्ध केले आहेत. इथे प्रश्नाचे रूपच पालटते. ‘आधी औषध की आधी शस्त्र’ असा तो उरत नाही. ‘औषधाने दार उघडले तरच शस्त्र’ असा तो होतो. अमेरिकेत दोन क्रमांची थेट तुलना करणारी चाचणी सायनसच्या रुग्णांसाठी हाती घेतली गेली, तेव्हा तिने यशाचे माप म्हणून आयुष्याच्या जोडीला डोळा आणि कवटीचा तळ वाचणे हेही धरले. १९३३ च्या रेषेपलीकडचा प्रदेश नव्वद वर्षांनी मोजमापात आला, असे म्हणता येईल.

७

आता नागपूर. इथे १९८० पासून कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदवही ठेवली जाते. मुंबईची अशी नोंदवही १९६३ ची. या शहराचा आणि साऱ्या पूर्व विदर्भाचा शाप म्हणजे खर्रा : सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला. त्यातून होणारा कर्करोग प्रामुख्याने गालाच्या आतला आणि हिरडीचा. परंतु वरच्या हिरडीतली गाठ हाड पोखरून सायनसमध्ये शिरते, आणि मग ती तोंडाची की सायनसची हे ठरवण्यासाठी चित्रे काळजीपूर्वक वाचावी लागतात. दुसरीकडे लाकडाची धूळ आहे. इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरच्या गावातल्या कारागिरांत नाकाच्या पोकळ्यांचा कर्करोग अधिक आढळतो हे १९६० च्या दशकात ध्यानात आले आणि १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना आंतरराष्ट्रीय पातळीवर निश्चित कर्करोगकारकांत झाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानावर ज्या मुलखातले कितीतरी सुतार आणि आरागिरणी कामगार पोट भरतात, तिथे नाकाच्या रुग्णाला ‘धंदा काय?’ हे विचारलेच पाहिजे.

उपचारांची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे. १९४७ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तुकडोजी रुग्णालय, २०१८ साली सुरू झालेले एम्स, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट; आणि नोव्हेंबर २०१३ पासून साऱ्या राज्यात लागू झालेली, पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळालेली आरोग्य योजना. आठशे किलोमीटरचा प्रवास अनेकांना आता करावा लागत नाही. परंतु गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या माणसाला नागपूरही दूरच आहे.

आणि नेमके याच ठिकाणी ‘आधी औषध’ या क्रमाची खरी कसोटी लागते. दर तीन आठवड्यांनी एक, अशा दोन-तीन फेऱ्या म्हणजे दीड-दोन महिने. पहिल्या फेरीनंतर दुखणे थांबते, गाल उतरतो, बंद झालेले नाक उघडते. रुग्णाला आणि घरच्यांना वाटते, रोग गेला. जून आला असेल तर पेरणी समोर उभी असते. तो गावी जातो आणि परत येत नाही. येतो तो चार-सहा महिन्यांनी, जेव्हा तीच गाठ औषधाला न जुमानता डोळ्यापर्यंत पोचलेली असते. औषधाने आणलेला गुणच इथे घातक होतो. ‘निर्णायक उपचारापूर्वी’ या शब्दांतला ‘पूर्वी’ हा शब्द रुग्णाच्या कानावर नीट पडला नाही, तर साऱ्या शास्त्राचा उपयोग काय?

दुसरी कसोटी हवामानाची. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड. ते देताना शरीरात पाणी भरपूर असावे लागते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि तोंड नीट उघडत नाही म्हणून पाणीही कष्टाने पिणारा रुग्ण एस.टी.ने गावी परततो. डोसिटॅक्सेलने पांढऱ्या पेशी उतरतात. त्या दिवसांत आलेला ताप अंगावर काढण्याचा नसतो, पण तालुक्याच्या गावी हे कळणारा कोणी भेटेलच असे नाही. बॉस्टन-मिलानच्या कागदावरचा तीन औषधांचा क्रम इथे जसाच्या तसा उचलता येत नाही. रुग्णाची प्रकृती, वजन आणि गाव पाहून त्याला मुरड घालावी लागते.

तिसरी कसोटी प्रामाणिकपणाची. शस्त्रक्रियेची तारीख दूर आहे किंवा किरणयंत्राची रांग लांब आहे, म्हणून ‘तोवर दोन किमो देऊ’ असे कुठेही घडू शकते. त्या औषधामागे गाठ आटवण्याचा विचार असतो की रांग सांभाळण्याचा, हे रुग्णाला बाहेरून कळत नाही. दोन्हींत सलाईनची बाटली तीच, ओकारी तीच, केस गळणे तेच. फरक हेतूत असतो, आणि तो हेतू आधी ठरवून, सर्व शाखांच्या वैद्यांनी एकत्र बसून, कागदावर लिहिलेला असेल तरच त्याला उपचार म्हणावे.

८

या इतिहासातून आम्हांला जे दिसते ते असे. ‘आधी औषध’ हा क्रम तीन निरनिराळ्या हेतूंनी जन्मला : कापणे कमी व्हावे म्हणून, न कापता येणारे कापता यावे म्हणून, आणि रोगाची जात ओळखावी म्हणून. आयुष्य निश्चित वाढते असे वचन या क्रमाने सायनसच्या बाबतीत सरसकट दिलेले नाही, आणि ते दिल्यासारखे कोणी बोलू नये. पण एखाद्याचा डोळा वाचण्याची शक्यता असेल तर त्याने ती घ्यावी काय, हा प्रश्न केवळ टक्केवारीचा नाही. क्लीव्हलँड यांना रबराच्या टाळूने पंधरा वर्षे दिली. फ्रॉइड यांना सोळा वर्षे यातना आणि त्यांतच लिहिलेली पुस्तके. कोणी काय पत्करावे हे तिसऱ्याने ठरवण्याचे काम नव्हे.

आपल्याकडे मात्र हे ठरवण्याची संधीच बहुधा रुग्णाला मिळत नाही. ‘किमो’ हा शब्द आपल्या बोलीत शेवटच्या घटकेशी जोडला गेला आहे, त्यामुळे ती आरंभीच सुचवली की घरचे हाय खातात. आणि पहिल्याच फेरीत आराम पडला की तेच घर निर्धास्त होते. दोन्ही चुका एकाच अज्ञानातून येतात. पहिली सलाईन लागण्यापूर्वी रुग्णाला आणि त्याच्या माणसांना तीन गोष्टी मराठीत, वऱ्हाडीत, गोंडीत, ज्याला जी समजेल त्या भाषेत सांगितल्या गेल्या पाहिजेत : हे औषध कशासाठी आहे, त्यानंतर काय करायचे आहे, आणि ते कोणत्या तारखेला. तारीख सांगताना पेरणी केव्हा आहे हेही विचारून घ्यावे.